फट

हेड ऑफिसचा फॉर्म आला आहे.
सुपरवायझर म्हणतो, मिस्त्री, खरं लिहा, नाव लागत नाही.
प्रश्न पहिला : आपण आपल्या कामात समाधानी आहात काय?
एक ते पाच. गोल करा.

बाहेर चोवीस जिन एका सुरात,
अकरा नंबर सोडून.
ती सकाळपासून दाताखाली खडा आल्यासारखी बोलते
आणि माझा पेन एकवर नाही, पाचवर नाही,
अकरावर अडकतो.

ठोंबरे मिस्त्री असता
तर आधी आम्हांला चहाला पिटाळलं असतं.
सुरी बसवताना तो पाठ करायचा आमच्याकडे,
अख्खी पाठ, घामानं नकाशा उमटलेली,
आणि मुठीत काहीतरी.
दोन सुऱ्यांमधली फट त्या मुठीलाच ठाऊक.
एकतीस हंगाम, एक खाडा नाही.
पोरीच्या लग्नातून उठून
हळदीच्या हातांनी पट्टा बदलून गेला.
शेठ म्हणायचे, निष्ठा पाहावी तर ठोंबऱ्याची.
मी पाठच पाहिली.

मग मुनाफचाचा आला.
पहिल्याच दिवशी माझा हात धरून बेरिंगवर ठेवला :
"तुह्या कानाच्या पाळीएवढं गरम, तोवर खैर.
त्याच्यावर गेली का बंद कर. शेठ बोंबलू दे."
रुईच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालायला लावला :
"आग पहिले मधात लागते, बावा.
धूर दिसला म्हणजे तू उशिरा आला."
आणि फट?
विडीच्या बंडलाचा कागद, एक घडी.
मी हसलो. एवढंच?
"एवढंच. कायले लपवू?
कबरीत काय जिनिंग हाय?"

त्या वर्षी मी रात्रपाळी मागून घेतली.
झोपेत सुद्धा कान मशीनवर.
बायको म्हणायची, घरी या कधीमधी.

चौथ्या हंगामात चाचा हिंगणघाटला गेला.
चार हजार जास्त. हसत गेला, डबा विसरून.
अजून फोन करतो,
"अकरा नंबर कशी हाय?"
जशी नांदायला गेलेली पोर.

म्हणजे ज्यानं सांगितलं तो गेला,
ज्यानं दडवलं तो राहिला.
फॉर्ममध्ये याला चौकट नाही.

ठोंबऱ्याची पेटी मीच उघडली, तो गेल्यावर.
पाना, सुतळी, तेलकट फडकं,
आणि त्याच्या पहिल्या हंगामाचं हजेरी कार्ड.
रोजी साडेतीन रुपये. कोपरा झिजलेला.
सुऱ्यांमध्ये सरकवलं तर
बसलं, बरोब्बर.

यंदा मलाही फोन आला हिंगणघाटाहून.
चाचानंच नाव सुचवलेलं.
हो म्हणायचं जवळजवळ ठरलं होतं,
त्या दुपारी अकरा नंबर बंद करून मी सुरी कसत होतो
आणि मागून मेश्रामांची करिष्मा,
आयटीआय करून आलेली, तीन महिने नुसती झाडू मारणारी,
म्हणाली, "दादा, थोडे सरका ना.
काईच दिसत नाही."

तेव्हा कळलं,
मी पाठ केली होती.
कधीपासून, देव जाणे.

सरकलो.
कागद तिच्या हातात दिला. तिनं पहिल्यांदा उलटा धरला,
दुसऱ्यांदा बोट कापून घेतलं,
तिसऱ्यांदा मान तिरपी करून ऐकत राहिली
आणि मी हिंगणघाटला काय सांगायचं
ते संध्याकाळपर्यंत विसरलो.
दुसऱ्या दिवशीही.

प्रश्न नववा : पुढील पाच वर्षे आपण येथेच राहू इच्छिता काय?
कारण एका ओळीत लिहा.

ओळ लहान आहे.
अकरा नंबर पुन्हा बंद केली,
फॉर्मला एक घडी घातली, फटीत सरकवून पाहिला.
जाड आहे, म्हणालो.

करिष्मा म्हणाली,
घडी उलगडून पाहा ना, दादा.